मागची पूर्ण रांग

२ मार्च

साहेबांनी आज बोलावून सांगितलं, पुढच्या महिन्यापासून प्रशिक्षण विभाग तुमच्याकडे. म्हणजे उडणं बंद, जमिनीवरची नोकरी आणि रोज रात्री घरचं जेवण. बावीस वर्षं विमानात ट्रॉली ढकलली, आता इतरांना ढकलायला शिकवायचं. शनिवारचे वर्ग मी गेली दोन वर्षं घेतेच आहे, पण आता दारावर माझ्या नावाची पाटी लागणार.

आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. आता तरी पाय जमिनीवर येतील तुझे." हिला सरळ शाबासकी देणं कधी जमलंच नाही.

डायरी मुद्दाम लिहायला घेतली. दुसऱ्याला शिकवायचं तर आपल्याला नेमकं काय येतं हे आधी आपल्याला ठाऊक हवं. तर, मला सगळ्यात चांगलं काय येतं? जागा बदलणं. दर दोन-चार उड्डाणांमागे कुणीतरी कोपर धरतं आणि म्हणतं, मला इथं नीट वाटत नाहीये, शेजारी बरोबर नाही. नवी मुलगी असली की तिचा गोंधळ उडतो. कुरकुर करणाऱ्याला कधीच हलवायचं नाही. त्याला मागे नेऊन बसवलं तर तो उतरेपर्यंत डोकं खातो आणि घरी जाऊन तक्रार करतो. हलवायचं शेजाऱ्याला. तेही असं, की त्याला वाटलं पाहिजे आपल्याला लॉटरी लागली. जवळ जायचं, वाकायचं, कानाशी हळूच सांगायचं, "तुमच्यासाठी मागची पूर्ण रांग ठेवली आहे, पाय पसरून बसा." वर संत्र्याचा रस द्यायचा. माणूस आभार मानत उठतो. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही.

५ मार्च

धाकट्या बहिणीला मुलगी झाली, आई तिच्याकडे जाणार आहे. तिकीट धाकटीने आमच्याच कंपनीचं काढलंय, पण पूर्ण पैसे भरून. मी म्हटलं, मी कर्मचाऱ्यांच्या सवलतीत काढलं असतं की. आई म्हणाली, "नको. सवलतीच्या लोकांना कुठेही कोंबतात, तूच सांगतेस. मला खिडकी पाहिजे. दोन्ही वेळेला." आयुष्यात तीनदा विमानात बसली आणि तिन्ही वेळा मधल्या खुर्चीत, त्याचा राग अजून आहे. नदी वरून कशी दिसते ते बघायचंय म्हणे. आणि मी काय काम करते हे कुणाला सांगायचं नाही असं मी बजावलं, तर म्हणाली, "मिरवायला आधी तू काही करायला हवंस." मग आम्ही दोघी हसलो.

९ मार्च

आज फार डोकं दुखतंय, पण लिहून टाकते.

बेटावरून परतीचं विमान. दारं लावायची वेळ झालेली. सातव्या रांगेतल्या एका गृहस्थांनी माझी बाही धरली. भारी कोट, गोरा लालसर चेहरा. म्हणाले, "दुसरी सोय करा. माझी नाही, यांची." खिडकीशी एक बाई होती, पस्तिशीची असेल, केस बारीक कापलेले, माझ्याहून दोन छटा काळी. मांडीवर कापडी पिशवी. "ती सारखी पिशवीत हात घालतेय," गृहस्थ म्हणाले, "मला बरं वाटत नाहीये." पिशवीत कागद होते, दवाखान्यात देतात तसल्या मोठ्या पाकिटातले. मला दिसत होते.

मी नेहमीसारखी वाकले, नेहमीसारखं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यासाठी ठेवली? मी तर आत्ता आले." मी म्हटलं, या साहेबांना पाठीचा त्रास आहे, जरा जास्त जागा लागते. ती म्हणाली, "मग पूर्ण रांग त्यांना द्या. त्यांना जास्त उपयोगी पडेल."

पुन्हा विचारलं, पुन्हा हसून. ती इतक्या हळू बोलत होती की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. "मी ही जागा पैसे भरून घेतली आहे. मी इथेच बसते." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझं हसू संपलं होतं. एवढ्यात कॅप्टनचा फोन. दार लावायचं की नाही? उशीर कुणाच्या नावावर घालू? मी म्हटलं, एक प्रवासी सूचना पाळत नाहीये. या वाक्यावर कॅप्टन पुढचं काही विचारत नाहीत, तसा नियमच आहे. दोन रखवालदार आले. त्यांनी हात लावायच्या आत ती स्वतःच उठली.

दारात थांबून मला म्हणाली, "उद्या सकाळी माझ्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन आहे." आता हे आधी सांगितलं असतं तर काही करता आलं असतं ना. ऐन दारात सांगून काय उपयोग.

गृहस्थांनी पाय पसरले. रस ओतून ठेवलेलाच होता, तो त्यांना दिला.

१० मार्च

अहवाल दिला. साहेबांनी वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "'प्रवाशाने हळू आवाजात नकार दिला.' हळू आवाजात नकार दिला म्हणून आपण लोकांना विमानातून उतरवतो का?" मुद्दा बरोबर होता त्यांचा. म्हणाले, "आवाज चढवला असं लिहा. सगळीकडे तसंच लिहितात. आणि पुढच्या महिन्यात तुम्ही विभाग सांभाळणार, आता कशाला ही भानगड?" मी बदललं.

तशी ती काही अगदीच कुजबुजत नव्हती.

१४ मार्च

शनिवारचा वर्ग. मुली चुणचुणीत आहेत या वेळच्या, आठवडाभर उमेदवारीवर उडतात आणि शनिवारी माझ्याकडे येतात. त्यातली एक सगळ्यांत पुढे, सतत बोलते म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. गालावर तीळ, हसली की विमानातले दिवे लागल्यासारखं वाटतं. महिनाभरात ती एकटी केबिन सांभाळेल बघा. आज जागा बदलणं शिकवलं. मी प्रवासी झाले आणि तिने मला उठवलं. हुबेहूब माझ्यासारखी वाकली. शेवटी म्हणाली, "ताई, त्यांनी विचारलं की मलाच का, तर काय सांगायचं?"

मी म्हटलं, विचारत नाहीत. सगळ्या हसल्या.

१९ मार्च

तक्रार आली. त्या बाईची. ती बेटावर दातांची डॉक्टर आहे म्हणे. कंपनीने तिला वर्षभर विमानात चढायला बंदी घातली आहे, गोंधळ घालणाऱ्यांना घालतात तशी, आणि बेटावर आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं विमान जात नाही. तिचं म्हणणं, गोंधळ मी घातलाच नाही, मला माझ्या रंगामुळे उठवलं. येत्या तीन तारखेला चौकशी, मला साक्ष द्यायची आहे.

रंगामुळे. आणि हे माझ्याबद्दल. मला आधी हसू आलं आणि मग इतकं तोंड कडू झालं की चहा तसाच राहिला. अगं बाई, मी नोकरीला लागले तेव्हा सगळ्या केबिनमध्ये आमच्या रंगाची मी एकटी होते. लोक माझ्या हातचा कप घेताना बोटं आखडून घ्यायचे. कंपनीची पावडर माझ्या चेहऱ्यापेक्षा इतकी उजळ, की मानेला लावायला विसरले तर डोकं दुसऱ्या कुणाचं वाटायचं. मी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. हसत राहिले म्हणून इथवर आले. तिने थोडं हसून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?

आणि आवाज तिने चांगला चढवला होता. मागच्या रांगांपर्यंत गेला असेल.

२३ मार्च

आईला विमानतळावर सोडलं. खिडकी मिळाली. दोन्ही हातांनी पास धरून मला खुर्चीचा नंबर दाखवत होती. घर एकदम मोठं वाटायला लागलंय.

२७ मार्च

आज ऑफिसच्या पायऱ्यांवर ती भेटली. माझीच वाट बघत होती. जहाजाने आली म्हणे, जहाज महिन्यातून दोनदाच असतं, आणि बोट लागल्यामुळे चेहरा पार उतरलेला. मी बाजूने जाणार होते, पण ती समोर आली.

वडिलांचं ऑपरेशन झालं, ते वाचले, पण घरी एकटे आहेत आणि दर आठवड्याला त्यांना दवाखान्यात न्यावं लागतं. तिकडे बेटावर दातांची डॉक्टर ती एकटीच. "विमान असलं तर दोन्ही जमतं," ती म्हणाली. "विमान नसलं तर एक तर माझा दवाखाना सोडायचा, नाहीतर वडील. मला तुमच्याकडून दुसरं काही नको. जे झालं तेवढं सांगा."

मी म्हटलं, जे झालं तेच मी लिहिलंय.

"मी ओरडले होते?"

रस्त्यावर गाड्यांचा इतका गोंगाट होता की तिचं बोलणं कळायला मला एक पायरी खाली उतरावं लागलं. मी म्हटलं, हो, ओरडला होतात. तिने मान हलवली आणि गेली. वाद नाही, काही नाही. अशा माणसांचा मला राग येतो. भांडायचं तर नीट भांडावं.

संध्याकाळी साहेबांचा फोन, तीन तारखेला काय बोलायचं ते पक्कं आहे ना? आहे म्हटलं.

१ एप्रिल

आई आली. बाळाचे तीस-चाळीस फोटो, सगळ्यांत ते झोपलेलंच. मी विचारलं, येताना खिडकी मिळाली का?

"मिळाली होती की. मग सोडली."

मला वाटलं कुणा लहान मुलाला दिली. तर म्हणाली, "अगं, शेजारी एक बाई होती. तिला गुडघ्याचा त्रास म्हणे. मग ती पोरगी आली, तुमच्यातली. गालावर तीळ आहे बघ, चिवचिव बोलते. इतकी गोड. वाकून माझ्या कानाशी म्हणाली, आजी, तुमच्यासाठी मागची पूर्ण रांग ठेवली आहे, पाय पसरून बसा. वर संत्र्याचा रस दिला."

मी फोटो बघत होते. विचारलं, कितवी रांग?

"शेवटून दुसरी. डावीकडे."

त्या रांगेला खिडकी नाही. विमानाच्या त्या भागात आतून यंत्रांचे नळ जातात, तिथे नुसती भिंत आहे. बावीस वर्षं मी त्या भिंतीशी माणसं नेऊन बसवली आहेत. तीच रांग रिकामी राहते, कारण ती कुणी मागून घेत नाही.

"तिथे खिडकी नसते, आई."

"नव्हतीच. पण रांग सगळी माझी."

त्या बाईने आधी तुला काही म्हटलं होतं का, असं विचारलं. आई म्हणाली, "नाही गं. मी बसले तसा तिने आपला कोट माझ्या बाजूने आवरून घेतला. मग डोक्यावरचं बटण दाबलं." आणि पुढचा फोटो दाखवला. आई माझ्याहूनही काळी आहे. तिला नदी बघायची होती.

मी आतल्या खोलीत जाऊन चिमणीला फोन लावला. कशासाठी लावला ते मलाही ठाऊक नव्हतं, बहुतेक तिची खरडपट्टी काढायला. आजच्या विमानात एका म्हातारीला मागे बसवलंस ना? ती खूश होऊन सांगायला लागली, "हो ताई. तुम्ही शिकवलं तसंच्या तसं. आजी किती आनंदात उठल्या." मी म्हटलं, त्या दुसऱ्या बाईला का नाही मागे पाठवलंस? ती अगदी गोंधळून म्हणाली, "पण ताई, कुरकुर करणाऱ्याला हलवायचं नसतं ना?"

ती माझी आई होती हे मी सांगितलं नाही. फोन ठेवला. आरशासमोर बसून राहिले. मला रडू येत होतं आणि कुणाचा तरी फार राग येत होता, आणि तो चिमणीचा नव्हता.

२ एप्रिल

कामावर गेले नाही. ती डॉक्टर ओरडली का, हे दिवसभर आठवत बसले. कितीही प्रयत्न केला तरी तिचा चढलेला आवाज काही ऐकू येईना. माझा कान तिच्या तोंडाशी, एवढंच आठवतं. तिच्या श्वासाला लवंगेचा वास होता. दातांच्या डॉक्टरचा असतो तसा.

उद्या खरं बोलले तर पाटी गेली. कदाचित उडणंही गेलं. या वयात मला कोण ठेवणार? आईला काही बोलले नाही.

३ एप्रिल

साहेब, मुख्य कार्यालयातले दोन अधिकारी, ती आणि मी. तिच्या पायाशी तीच कापडी पिशवी. साहेबांनी मला पाणी दिलं आणि बोला अशी खूण केली.

अधिकाऱ्याने विचारलं, प्रवाशाने आवाज चढवला होता?

मी म्हटलं, नाही.

साहेब म्हणाले, नीट आठवा. मी म्हटलं, नीटच आठवलंय, काल दिवसभर तेच केलंय. तिचं ऐकायला मला वाकावं लागलं होतं. अहवालात खोटं लिहिलं. अधिकाऱ्याने विचारलं, कुणी लिहायला लावलं का? मी साहेबांकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते. मी म्हटलं, सुचवलं साहेबांनी, पण हात माझा होता.

"मग त्यांना जागेवरून उठवायचं कारण काय होतं?"

"शेजारच्या गृहस्थांना काळी बाई शेजारी नको होती."

"तसं ते म्हणाले?"

"तसं कुणी म्हणत नाही. पण मला कळलं होतं."

"तुम्हाला त्याच वेळी कळलं होतं?"

"नेहमीच कळतं," मी म्हटलं. हे बोलून झाल्यावर मलाच ते ऐकू आलं.

तिची बंदी तिथल्या तिथे उठली. माझ्याबद्दल पुढच्या आठवड्यात ठरवतील. प्रशिक्षणाचं विसरा, असं साहेबांनी बाहेर आल्यावर सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. मी जिन्यात तिला गाठलं आणि माफ करा म्हटलं. ती थांबली. म्हणाली, "ऑपरेशनला नेईपर्यंत माझे वडील दाराकडे बघत होते. नर्सने सांगितलं मला." मी पुन्हा माफ करा म्हटलं. "ऐकलं मी," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली. माफ केलं असं म्हणाली नाही. का म्हणावं तिने?

घरी आले तर आई वाळलेले कपडे घडी करत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. ती डॉक्टर, अहवाल, पाटी गेली ते. आणि चिमणी माझी शिष्या आहे, आणि तुला पाय पसरायला म्हणून नव्हतं उठवलं, आई, त्या बाईला तू शेजारी नको होतीस, तेही. मला वाटलं आता हिचा चेहरा पडेल.

आई घडी करत राहिली. "मग? मला काय कळलं नव्हतं होय?"

"कळलं होतं तर उठलीस कशाला?"

"ती पोरगी घाबरलेली होती. हसत होती पण सारखी वळून त्या बाईकडे बघत होती. नाही म्हटलं असतं तर तिचं काय झालं असतं?"

"आणि मला येऊन एवढं कौतुक सांगितलंस ते? गोड पोरगी, सगळी रांग माझी?"

आईने उशीचा अभ्रा हातात धरून ठेवला. "तू नाही का घरी येऊन सांगायचीस, आज अमक्याला कसं उठवलं, तमकीला कसं उठवलं, आभार मानत गेली म्हणून? तेव्हापासून कळत होतं मला, तू कुणाला उठवत असशील ते."

"मग इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

"तू इतकी खूश असायचीस," ती म्हणाली.

मग तिने चहा टाकला आणि मी तिथेच बसून राहिले. माझ्यामागून चालत त्या भिंतीशी गेलेली, मला थँक्यू म्हणालेली, रसाचा पेला हातात धरून बसलेली माणसं. त्यांनाही कळलं असणार. प्रत्येकाला. त्यांचे चेहरे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. एकही आठवत नाही.